आगोटीआधी छपराकडे एक नजर

मे महिना अर्धा सरला की कोकणातल्या घरांत आगोटीची लगबग सुरू होते. मसाले कुटून बरण्यांत भरले जातात, सुकी मासळी डब्यांत जाते, लाकडे पडवीत रचली जातात, कांदे माळ्यावर पसरले जातात. मराठवाड्यात आणि खानदेशात हेच दिवस वळवाच्या पावसाचे. गच्चीवर शेवया वाळत असतात आणि दुपार कलता कलता आभाळ काळवंडते, धुळीचा लोट उठतो, सगळ्या घराची धावपळ होते. दोन्हीकडच्या घरांत पावसाळ्याच्या कामांची यादी बरीच लांब असते. छपराचे नाव त्या यादीत एकाच कामासाठी येते: गळती. कुठे गळते ते पाहिले, फुटलेले कौल बदलले, पत्र्याच्या भोकावर डांबर लावले की काम संपले असे आपण समजतो. छप्पर उडेल का, हा प्रश्न मात्र फारसे कोणी विचारत नाही. या महिन्याच्या सदरात आम्ही तोच प्रश्न घेतला आहे.

कोकण किनाऱ्याच्या गावांना त्याचे महत्त्व आता सांगावे लागत नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ आले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले, तेव्हा ईदला दहा दिवसही झाले नव्हते आणि राज्यात टाळेबंदी होती. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, मंडणगड, दापोली या भागांत सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या. घरांचे पत्रे शेतांत आणि झाडांवर जाऊन पडले, शाळांची छपरे गेली. कित्येक गावांत अनेक आठवडे वीज नव्हती आणि तोंडावर पावसाळा होता. पत्रे, कौले आणि कामगार मिळेपर्यंत लोकांनी ताडपत्रीखाली दिवस काढले. पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ आले. ते धडकले गुजरातच्या किनाऱ्यावर. पण जाता जाता ईदच्या दोनच दिवसांनी सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपून गेले. अरबी समुद्रातल्या वादळांचे हंगाम दोन, पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळ्यानंतर. तेव्हा छपराची पाहणी आगोटीत एकदा आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा एकदा व्हायला हवी.

या विषयावर आम्हाला लिहिणाऱ्यांत भगिनींची संख्या जास्त आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. घरचा पुरुष कुवेतला किंवा सौदीला, मुले मुंबईला, आणि गावच्या घरात सून, सासूबाई आणि लहान मुले. पैसे तिकडून येतात, काम इथे होते, मिस्त्रीशी बोलायचे घरातल्या बाईने. फरशी कोणती, रंग कोणता हे तिला पारखता येते. छपरावर चढलेला माणूस वर काय करतो आहे हे मात्र खालून कळत नाही आणि विचारायचे काय तेही ठाऊक नसते. म्हणून आज जे सांगायचे ते अशा रीतीने सांगतो की छपरावर न चढताही आपल्याला मिस्त्रीला नेमके विचारता यावे.

वारा छपराला काय करतो

वारा छप्पर ढकलून पाडतो अशी आपली समजूत असते. पण पडलेल्या घरांपेक्षा उडालेली छपरे जास्त दिसतात, ती का? वारा भिंतीवर आदळतो आणि वर उसळून छपरावरून वेगाने पुढे जातो. अशा वेगवान वाऱ्याखाली छपराच्या वरच्या अंगाला हवेचा दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढले जाते. त्याच वेळी वाऱ्याच्या बाजूचे दार किंवा खिडकी उघडी असली, नाहीतर तुटली, तर वारा घरात घुसतो आणि आतून छपराला वर ढकलतो. वरून ओढ आणि खालून रेटा असे दोन्ही एकदम आले की छप्पर सुटते. ही ओढ सगळीकडे सारखी नसते. वळचणीच्या कडेला, आढ्याजवळ आणि सगळ्यांत जास्त चारी कोपऱ्यांना ती मोठी असते. एखादा पत्रा प्रथम कोपऱ्यातून फडफडू लागतो तो यामुळे. एक पत्रा सुटला की वारा शेजारच्या पत्र्याखाली शिरतो आणि मग पुढचे छप्पर उलटायला काही मिनिटे पुरतात.

आता थोडा हिशेब करू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर एका चौरस मीटरवर साधारण १२ किलो वजनाइतका असतो. ताशी १०० किलोमीटरला तो ४७ किलोच्या आसपास जातो आणि १२० ला ६८ किलोच्या. आपला नेहमीचा दहा फूट लांब, तीन फूट रुंद लोखंडी पत्रा घ्या. त्याचे वजन साधारण बारा-तेरा किलो. शंभराच्या वाऱ्यात त्यावर १३० किलोच्या आसपास जोर येऊ शकतो, म्हणजे त्याच्या वजनाच्या दहापट. कोपऱ्यातल्या पत्र्यावर त्याहूनही जास्त. वळवाच्या साध्या पन्नासच्या वाऱ्यातही तो आपल्या वजनाच्या अडीचपट जोराने ओढला जाऊ शकतो. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून निघणारी गोष्ट पक्की आहे. पत्रा स्वतःच्या वजनाने जागेवर राहत नाही. त्याला धरून ठेवणारे जे काही आहे, त्याच्या बळावर तो राहतो.

पत्र्यावरचे दगड

हाच हिशेब पत्र्यावर ठेवलेल्या दगडांना लावून पाहा. मराठवाडा-विदर्भात, खानदेशात, शहरांच्या कडेच्या वस्त्यांत पत्र्याच्या खोल्यांवर दगड, विटा, जुने टायर ठेवलेले सर्रास दिसतात. दहा-दहा किलोचे दोन दगड १३० किलोची ओढ थोपवू शकत नाहीत. ते फक्त साध्या वाऱ्यात पत्र्याचा आवाज थांबवतात आणि आपल्याला छप्पर पक्के असल्याचा भास करून देतात. मोठ्या वाऱ्यात पत्रा उचलला जातो आणि तोच दगड आत झोपलेल्या माणसाच्या अंगावर येतो. वळवाच्या वादळांत छपरावरचे दगड पडून माणसे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. ज्यांच्या पत्र्यावर दगड आहेत त्यांनी आधी पत्रा हुकाने बांधून घ्यावा आणि मग दगड खाली उतरवावेत. तोवर निदान खाट दगडाच्या बरोबर खाली नसावी.

तान्ह्या बाळाची झोळी हा असाच दुसरा विषय. पत्र्याच्या खोलीत झोळी बांधायला छपराचा पाईप सोयीचा पडतो. पण छपरासकट पाईप उचलला जातो तेव्हा झोळीही जाते, आणि अशा घटना आपल्या राज्यात घडलेल्या आहेत. भिंतीत पक्क्या बसवलेल्या कड्याला किंवा स्वतंत्र लोखंडी घोडीला झोळी बांधा. ते जमत नसेल तर निदान वारा सुटताक्षणी सगळ्यात आधी बाळाला झोळीतून काढा. वाळवण नंतर.

पत्रा कसा धरावा

पत्रा धरून ठेवतात ते जे-हुक किंवा स्क्रू. नळीदार पत्र्याला हुक नळीच्या उंचवट्यावर मारतात, खोलगट भागात नाही. खोलगट भागातून पाणी वाहते आणि तिथले भोक गळते. हुक पत्र्याखालच्या आडव्या पाईपला किंवा लाकडाला खालून कवटाळतो, म्हणून तो सुटत नाही. लाकडात नुसता ठोकलेला खिळा सरळ उपटून निघतो. उन्हा-पावसाने लाकूड फुगते-आकसते तसा तो दरवर्षी थोडा ढिला होतो.

हुक किती? छपराच्या मधल्या भागात ते थोडे विरळ चालतात, पण चारी कडांना आणि कोपऱ्यांना एक नळी सोडून एक असे तरी हवेत, कारण ओढ तिथेच जास्त असते. काम लवकर उरकायचे असले की नेमके कडेचेच हुक वाचवले जातात. खाली उभे राहून कडेच्या रांगेतले हुक मोजता येतात; ते अवश्य मोजावेत.

हुकाइतकेच महत्त्व वॉशरला आहे. वादळानंतर पाहिले तर बऱ्याच ठिकाणी हुक जागेवरच दिसतात आणि पत्रा मात्र गेलेला असतो. हुकाच्या डोक्याभोवती पत्रा फाटून निघून गेलेला असतो. रुंद लोखंडी वॉशर आणि त्याखाली रबराचा वॉशर असे दोन्ही लावले की ओढ मोठ्या जागेवर पसरते आणि पत्रा सहसा फाटत नाही. किनाऱ्यावरच्या गावांत खाऱ्या हवेने साधे लोखंड लवकर गंजते. म्हणून हुक, नट, वॉशर सगळे जस्ताचा मुलामा दिलेलेच घ्यावेत. पत्रा चांगल्या कंपनीचा आणि हुक सगळ्यांत स्वस्त, असा व्यवहार करू नये. संपूर्ण छपराच्या खर्चात हुक-वॉशरचा खर्च अगदी किरकोळ असतो.

पत्रे घालण्याची दिशाही विचारात घ्यावी. एका पत्र्याची कड दुसऱ्यावर चढते ती जोडाची बाजू वाऱ्याच्या तोंडाला असू नये. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पत्रे घालायला पूर्वेकडून सुरुवात केली की वरच्या पत्र्याची कड वाऱ्याला पाठमोरी राहते. आडवा जोड किमान दीड नळीचा असावा. पत्रा शेवटच्या पाईपाच्या बाहेर फार लोंबत असेल तर वाऱ्याला धरायला मूठच मिळते. एक-दीड फुटाहून जास्त लोंबता ठेवू नये.

सिमेंटच्या पत्र्यांबद्दल दोन शब्द. ते लोखंडी पत्र्याहून बरेच जड असतात, म्हणून थोडा वारा जास्त सोसतात. पण ठिसूळ असतात आणि उडून आलेल्या फांदीने फुटतात. त्यावर थेट पाय देऊन चालू नये, फळी टाकूनच चालावे. जुने पत्रे तर माणसासकट खाली येतात. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. तो कोरडा कापू नये, तुकडे अंगणात कुटून भर म्हणून वापरू नयेत, आणि मुलांना त्याच्याशी खेळू देऊ नये.

साखळी कुठे तुटते

पत्रा घट्ट बसवला म्हणजे घर सुरक्षित झाले असे नाही. पत्रा पाईपाला धरून आहे, पाईप कैचीला, कैची भिंतीला आणि भिंत पायाला. ही एक साखळी आहे आणि वारा तिची सगळ्यात कच्ची कडी शोधतो. पत्रे हुकाने जखडले, पण पाईप भिंतीवर नुसते टेकवून वर दोन विटा आणि सिमेंट फासले असेल, तर पाईपांसकट सगळे छप्पर एकसंध उचलले जाते. असे उडालेले छप्पर सुट्या पत्र्याहून जास्त नुकसान करते.

जांभ्याच्या किंवा विटांच्या भिंतीवर कैची बसवताना बोल्ट भिंतीच्या वरच्या एका थरात रोवून भागत नाही. ओढ आली की तो थर बोल्टसह उपटला जातो. बोल्ट इतका खोल जायला हवा की त्याच्यावर भिंतीचे पुरेसे वजन राहील. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे भिंतींच्या माथ्यावर चारी बाजूंनी फिरणारा सळई-सिमेंटचा पट्टा आणि त्यातच आधी रोवलेले बोल्ट. नवीन घर बांधणाऱ्यांनी हा खर्च टाळू नये. पुढे भूकंपाच्या वेळीही हाच पट्टा भिंतींना एकत्र धरून ठेवतो. जुन्या घरात हे जमत नसेल तर कैचीवरून जाड लोखंडी पट्टी घेऊन ती भिंतीच्या दोन्ही अंगांना खालपर्यंत आणावी आणि आरपार बोल्टने आवळावी. लाकडी घरात वासा जिथे आढ्यावर आणि भिंतीवरच्या तुळईवर टेकतो, तिथे नुसत्या खिळ्यावर विसंबू नये. लोखंडी पट्टी किंवा जाड जस्ती तारेचे वेढे घालून बांधून घ्यावे. हे काम एखादा चांगला सुतार एका घरासाठी दोन दिवसांत करतो. त्याचबरोबर वाश्यांची टोके टोचून पाहायला सांगावे. वळचणीखाली वाळवी लागली आणि लाकूड पोकळ झाले तर वरची पट्टी कितीही मजबूत असली तरी उपयोग नाही.

वादळी भागांतल्या कमी उंचीच्या घरांसाठी भारतीय मानक ब्युरोने २००४ साली मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत. त्यांचा क्रमांक आयएस १५४९८. घराचे काम एखाद्या अभियंत्याकडे दिले असेल तर त्याला हा क्रमांक सांगावा. त्याप्रमाणे काम करा, एवढे म्हटले तरी पुढची बरीच बोलणी सोपी होतात.

कौलारू घरे

ज्याला आपण मंगलोरी कौल म्हणतो ते मंगळूरच्या बासेल मिशनने १८६५ साली काढलेल्या कारखान्यापासून रूढ झाले आणि समुद्रमार्गे सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पोचले. एका चौरस मीटरला साधारण पंधरा कौले लागतात आणि एकेक कौल दोन-अडीच किलोचे असते. म्हणजे रिपांसह छपराचे वजन दर चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास जाते. हे वजन बऱ्याच वाऱ्याला पुरून उरते आणि आजोबांच्या काळची घरे त्याच्या जोरावर टिकली. पण ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे हिशेब उलटतो आणि कडेची कौले पत्त्यांसारखी उडू लागतात.

सगळी कौले बांधायची गरज नसते. वळचणीच्या दोन रांगा, आढ्यावरचे कोने आणि दोन्ही टोकांच्या कडा एवढ्या धरल्या की अर्धे काम होते. बऱ्याच मंगलोरी कौलांना मागच्या अंगाला तार ओवण्यासाठी छोटे भोक ठेवलेले असते. त्यातून जस्ती तार काढून ती रिपेला पिळून टाकावी. आढ्यावरचे कोने चुन्या-सिमेंटात पक्के बसवावेत. जाळी किंवा जुने मासेमारीचे जाळे कौलांवर घट्ट ताणून चारी बाजूंनी बांधणे हा किनाऱ्यावरचा स्वस्त उपाय आहे. मात्र जाळ्याची टोके वाश्याला बांधावीत, रिपेला नव्हे. रीप स्वतःच उखडते.

छपराचा आकारही महत्त्वाचा. दोन पाख्यांच्या घरापेक्षा चौपाखी घराला वारा कमी त्रास देतो, कारण चारी बाजूंनी उतार असल्याने वाऱ्यापुढे उभी त्रिकोणी भिंत येत नाही. अगदी कमी उताराच्या पत्र्यावर ओढ सर्वांत जास्त असते. तीस अंशांच्या आसपासचा उतार पावसालाही बरा आणि वाऱ्यालाही. आता प्रश्न पडवीचा. कोकणात जांभ्याच्या भिंतींना पावसापासून वाचवायला लांब वळचण लागते आणि पडवीशिवाय घर घर वाटत नाही. पण उघड्या पडवीत वारा खालून कोंडतो आणि छप्पर उचलतो. यावर उपाय म्हणजे पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवणे. एकच लांब पाखे खाली ओढण्याऐवजी मुख्य भिंतीवर मुख्य छप्पर संपवावे आणि त्याखाली पडवीचे स्वतंत्र, स्वतःच्या खांबांवर उभे असलेले छप्पर घ्यावे. मग अगदी वाईट वेळ आली तर पडवी जाईल, पण माजघर शाबूत राहील. नवे खांब नुसते जमिनीवर टेकवू नयेत, खाली सिमेंटात रोवावेत.

शहरातली शेड

गच्ची गळते म्हणून तिच्यावर पत्र्याची शेड घालण्याची पद्धत मुंब्रा, भिवंडी, मालेगावपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत सगळीकडे आहे. शेड चारी बाजूंनी उघडी आणि उंचावर असते, म्हणजे वाऱ्याला खालून-वरून दोन्हीकडून मोकळे रान. तिचे पाय कठड्यात दोन इंच सिमेंटाने चिकटवलेले असतील तर ते पाय नसल्यातच जमा आहेत. प्रत्येक पायाखाली लोखंडी पाटा आणि तो स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये बोल्टने आवळलेला हवा. शिवाय खांबांमध्ये तिरकस आधार हवेत. इथे आपला आणि शेजाऱ्याचा संबंध येतो. पाचव्या मजल्यावरून सुटलेला पत्रा खाली रस्त्यावर कोणाच्या मानेवर पडेल हे सांगता येत नाही. आपली शेड ही केवळ आपली खासगी बाब नव्हे.

हीच गोष्ट यंत्रमागांच्या कारखान्यांना, शाळांना, मदरशांना आणि मशिदीच्या वजूखान्यावरच्या किंवा आवारातल्या शेडला लागू आहे. जुम्याच्या दिवशी त्या शेडखाली शेकडो माणसे असतात. वर्गणीतून आणि घाईत उभ्या केलेल्या शेडचे बोल्ट नंतर कोणी तपासले, याची नोंद कुठेच नसते. विश्वस्तांनी वर्षातून एकदा वेल्डरला बोलावून सांधे आणि बोल्ट पाहून घ्यावेत आणि तारीख वहीत लिहून ठेवावी.

घराभोवती

बऱ्याच वेळा आपले छप्पर नीट असते आणि बाहेरून आलेली वस्तू ते फोडते. छपरावर झुकलेली आंब्या-फणसाची फांदी, नारळाच्या वाळक्या झावळ्या, वर राहिलेले नारळ हे आगोटीतच उतरवून घ्यावे. गच्चीवरची रिकामी प्लास्टिकची टाकी फुग्यासारखी उडते. वादळाचा इशारा आला की ती पाण्याने भरून ठेवावी. पाणी पुढे उपयोगी पडतेच, कारण वीज गेली की पंपही बंद. सौर पाट्या, डिश, जाहिरातीचे फलक यांचे नट दरवर्षी आवळून घ्यावेत.

वादळाच्या दिवशी

हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा आला म्हणजे छपरावर चढण्याची वेळ टळली असे समजावे. शेवटच्या क्षणी पत्र्यावर दगड ठेवायला, ताडपत्री बांधायला वर गेलेली माणसे जखमी होतात. दारे-खिडक्या बंद करून आतून अडसर लावावा, निदान वाऱ्याच्या बाजूची एकही फट उघडी ठेवू नये. वीज मुख्य बटणावर बंद करावी. कच्च्या घरातल्या लोकांनी वेळ असताना शाळेत, जमातखान्यात किंवा शेजारच्या स्लॅबच्या घरात जावे. म्हातारी माणसे आणि गरोदर भगिनी आधी. घर सोडवत नाही हे आम्ही जाणतो, पण घर राखायला घरात बसून वारा थांबत नाही.

एक गोष्ट मुलांनाही सांगून ठेवावी. चक्रीवादळाचा मध्य वरून जात असेल तर वारा अचानक पडतो, कधी ऊनही दिसते. वादळ संपले असे समजून लोक पत्रे गोळा करायला बाहेर पडतात आणि थोड्याच वेळात वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने सुटतो. वादळ गेल्याची अधिकृत सूचना येईपर्यंत आतच थांबावे.

नंतरची कामे आणि कागद

वादळानंतर पहिले काम तुटलेल्या तारांपासून दूर राहण्याचे. दुसरे काम फोटो काढण्याचे. मोडके छप्पर आवरण्याआधी घराचे चारी बाजूंनी फोटो घ्यावेत, मगच ताडपत्री टाकावी. सरकारी मदत मिळते ती पंचनाम्यावर, आणि पंचनामा तलाठी, ग्रामसेवक यांच्यामार्फत होतो. तिथे आधार कार्ड, बँकेचे पासबुक, घरपट्टीची पावती लागते. आपल्या कितीतरी घरांची घरपट्टी अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे. वारस दहा, त्यातले सहा परदेशात. मदतीच्या वेळी हीच गोष्ट आड येते आणि घरात राहणाऱ्या सुनेच्या हाती काही पडत नाही. पत्र्याच्या हुकाइतकेच हे कामही आगोटीच्या यादीत घालावे: वारसनोंद करून घ्यावी, आणि कागदांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत, घराबाहेर एखाद्या नातेवाइकाकडेही ठेवाव्यात.

मोहल्ल्याने मिळून

वरची कामे एकेकट्या घराने केली तर महाग पडतात आणि मिस्त्री मिळत नाही. मोहल्ल्याने किंवा जमातीने मिळून एप्रिलमध्येच एक वेल्डर आणि एक सुतार आठ दिवसांसाठी ठरवला, हुक-वॉशर-तार ठोकाने आणली, तर प्रत्येक घराला स्वस्त पडते. गावात ज्या खाला एकट्या राहतात, ज्यांच्या घरी कमावते कोणी नाही, त्यांची घरे यादीत पहिली असावीत. त्यांची छपरे सर्वांत जुनी असतात आणि तिथे पडलेला पत्रा पुन्हा चढवायला कोणी नसते. जमातखान्यात चार मोठ्या ताडपत्र्या, एक लांब शिडी, दोर, करवत आणि कंदील कायमचे ठेवले तर वादळानंतरची पहिली रात्र बरीच सुसह्य होते.

परदेशातल्या बांधवांनाही एक सांगणे आहे. या वर्षी घरासाठी पैसे पाठवाल तेव्हा नव्या फॉल्स सीलिंगच्या आधी त्याच्यावरचे छप्पर कशाला बांधले आहे ते विचारा. फोनवरून व्हिडिओत भिंतीचा माथा आणि कैचीचे पाय दाखवायला सांगा.

आणि मिस्त्री घरी आला की भगिनींनी त्याला हे पाच प्रश्न विचारावेत. कडेला हुक किती नळ्यांवर मारणार? वॉशर रुंद आणि जस्ती आहेत का, आधी दाखवा. पाईप किंवा वासा भिंतीला कशाने धरला आहे? कैचीचा बोल्ट भिंतीत किती खोल गेला आहे? पडवीचे छप्पर वेगळे आहे की मुख्य छपरालाच जोडलेले? ज्याला काम येते तो या प्रश्नांनी रागावणार नाही. उलट वर चढून दाखवील. जो टाळाटाळ करील त्याला चहा पाजून परत पाठवावे आणि दुसरा मिस्त्री पाहावा. मृग सात जूनला लागतो. त्याआधी हे व्हायला हवे.